उतरताना म्हणायचं गाणं

सुहास,

कपाट खाली आलं. सगळ्यात आधी तुला हेच सांगायचं होतं, कारण शेवटच्या आठवड्यात तुला त्याचीच काळजी होती. "आईचं हाय ते. नीट न्या," असं तू दवाखान्यात म्हणालास आणि मग माझ्याकडे बघून म्हणालास, "हाक तू द्यायची, पशा. त्या दोघांकडं नुसती ताकद हाय." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तू डोळे मिटलेस. त्यावर आपलं पुन्हा बोलणं झालं नाही आणि आता होणारही नाही.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणी गेलं की आमच्याकडे बायका रडता रडता त्या माणसाशी बोलतात आणि पुरुष अंगणात खाली मान घालून बसतात. मला दोन्ही जमलं नाही, म्हणून लिहितोय. कुठं चुकलं तर तू हसशील. हसलास तरी चालेल मला. खरं तर आता तेवढंच हवंय.

मंगळवार पेठेतल्या त्या खोलीवर तू यायच्या आधी तुझं कपाट आलं, आठवतं? टेम्पोवाला ते दारात उतरवून निघून गेला होता. हिरवं, लोखंडी, दाराला आरसा असलेलं, तुझ्या आईच्या लग्नातलं. मी, इम्रान आणि पिंट्या, आम्ही तिघं वर्षभर त्या खोलीत ट्रंकांवर संसार करत होतो, आणि हा कोण नवीन, लग्नातलं कपाट घेऊन शिकायला आलाय, म्हणून आम्ही जिन्यातून बघत होतो. तू म्हणालास, "आमच्या गगनबावड्यात पावसाळ्यात काडेपेटी पेटत न्हाय. आईला वाटतंय सगळीकडंच तसं असतंय. पुस्तकं भिजतील म्हणून दिलंय तिनं." तिचे कपडे तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवले होते, हे तू नंतर खूप दिवसांनी सांगितलंस.

जिना अरुंद, आणि मधे वळण. पिंट्या तालमीतला, त्याला वाटलं एकट्यानं उचलेल. इम्रान वरून ओढत होता, मी खालून ढकलत होतो, आणि प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळेला लागत होता. कपाट वळणात अडकलं. तेव्हा तू, अंगानं काडीसारखा, ज्याचं नावही आम्हाला नीट माहीत नव्हतं, खालच्या पायरीवरून म्हणालास, "पावणं, असं न्हाय जमायचं. मी म्हणतो, तुम्ही उत्तर द्या. उत्तरातल्या शेवटच्या शब्दाला वढायचं. माझ्या शब्दाला न्हाय."

इम्रान म्हणाला, "कीर्तन हाय व्हय हे?"

"जहाज हाय समज," तू म्हणालास आणि सुरू केलंस.

घाटावरनं दिसतंय काय?
वढ गड्या, वढ!
धुकं हाय का दर्या हाय?
वढ गड्या, वढ!

पहिल्या फेरीला पिंट्यानं तुझ्या हाकेलाच जोर लावला आणि कपाटाचा कोपरा भिंतीत घुसला. मूठभर गिलावा पडला. खालून घरमालकीण मावशी ओरडल्या, "शिकायला आलाय का भिंत पाडायला?" तू न थांबता त्यांनाच ओळीत घेतलंस. मावशी म्हणतात भिंत सांभाळा, वढ गड्या, वढ, जहाज बुडालं तर मला सांभाळा, वढ गड्या, वढ. मावशींना हसू आलं. कपाट वळणातून निघालं. मला अजून आठवतं, शेवटच्या पायरीवर मला ते हलकं वाटलं होतं. हलकं झालेलं नव्हतं. आम्ही चौघं फक्त एकाच क्षणी जोर लावत होतो.

त्या संध्याकाळी तू फोनवर ती गाणी ऐकवलीस. मला इंग्रजी कळायला वेळ लागतो, आणि त्या खलाशांचं तर अर्धंही कळलं नाही. पण एक माणूस ओरडून ओळ म्हणतो आणि मागून दहा-वीस जण एका दणक्यात उत्तर देतात, एवढं कळलं. तू सांगत होतास, शिडाच्या जहाजांवर इंजिन नव्हतं, शीड चढवायचं तर दोर ओढायचा, नांगर उचलायचा तर मोठ्या चक्राभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरायचं, आणि प्रत्येक कामाच्या चालीचं गाणं वेगळं. थोडा वेळ जोर लावायचा असेल तर तोकडं उत्तर, बराच वेळ चालायचं असेल तर लांब. हाक देणाऱ्याचा गळा गोड असायची गरज नव्हती. त्याला फक्त माणसांचा दम ओळखता यायला हवा. काम लांबलं की तो नवीन ओळी जोडायचा, कप्तानाला शिव्या घालायचा, जेवणाला नावं ठेवायचा, घराची आठवण काढायचा. वाफेची इंजिनं आली आणि गाणी बंद पडली. मी म्हणालो, आमच्या आजोबांची मोटेवरची गाणी पण अशीच गेली, विहिरीवर मोटर बसली तेव्हा. तू एकदम उठून बसलास. "तेच म्हणतोय मी. इंजिनाला दम लागत न्हाय, म्हणून त्याला गाणं लागत न्हाय."

मग आपण भांडायला लागलो. तुला व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या खलाशांची गाणी जास्त आवडायची. ती कामाची नव्हेत, काम संपल्यावर बसून म्हणायची. वर्ष वर्ष बर्फाच्या समुद्रात, होडी उलटायची, माणसं जायची, आणि उरलेले संध्याकाळी बसून गेलेल्यांची नावं गाण्यात घालायचे. मी म्हणालो, "अरे, ती माणसं एवढं मोठं जनावर भाला मारून मारत होती. चरबी उकळून दिव्याचं तेल करत होती. त्यांचं गाणं तुला गोड कसं लागतंय?"

तू म्हणालास, "त्यात फुशारकी न्हाय रे. ऐक नीट. त्यांस्नी घरी जायचंय फक्त."

"मग जायचं की घरी."

"कसं जातोस? तू गेलास का उसाच्या फडातनं उठून?"

सुट्ट्यांत मी ऊसतोडीला जायचो, ते तुला माहीत होतं. मी म्हणालो, "ऊस ओरडत न्हाय." त्यावर तू म्हणालास, "इचार करून सांगतो." ते तू सांगितलं नाहीस. मी दोनतीनदा आठवण केली, तू प्रत्येक वेळी म्हणालास, "चाललाय इचार." सुहास, मला ते उत्तर हवंय. आता हे कुणाला विचारू? प्राध्यापकांना विचारलं तर ते पुस्तकाचं नाव सांगतील.

दुसरं भांडण धुक्याचं. तू म्हणायचास, तुमच्या घरामागच्या कड्यावरून, हवा स्वच्छ असली की समुद्र दिसतो. कोकणाच्या डोंगरांपलीकडे, आभाळाच्या खाली एक पांढरी रेघ. मी दिवाळीत आलो तेव्हा तू मला पहाटे उठवून नेलंस. रेघ होती. मी म्हणालो, धुकं आहे. तू म्हणालास, दर्या आहे. "धुकं हालतंय मर्दा, ही हालत न्हाय." मी म्हणालो, "लांबनं काहीच हलत नाही." तुझी आई मागून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "च्या निवतोय, दर्या कुठं जात न्हाय." तू कधी समुद्राच्या पाण्यात पाय घातला नव्हतास, हे मला त्या दिवशी कळलं. दर्याची सगळी गाणी तोंडपाठ आणि पाय कोरडे. जाऊ की, परीक्षा झाल्यावर जाऊ, असं आपण ठरवलं. परीक्षेआधी तुझा ताप सुरू झाला.

रक्ताचा आजार आहे हे कळल्यावर सुरुवातीला तू चालत जायचास, भिंतीला हात लावून. पुढे पिंट्या पाठीवर घेऊन तुला खाली उतरवायचा आणि तेव्हा कुणी काही बोलायचं नाही. दवाखान्यातून परत आल्यावर मात्र आम्ही तुला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायचो आणि खुर्चीतून हाक तूच द्यायचास. पिंट्या खातोय चार अंडी, वढ गड्या, वढ, खुर्ची धरता भरली थंडी, वढ गड्या, वढ. मावशी दारात येऊन म्हणायच्या, "दवाखान्यातनं आलाय का वरातीतनं?" आणि आत जाऊन डोळे पुसायच्या. ते आम्हाला दिसायचं. तुझा आवाज बारीक होत गेला. एकदा वळणावर तुला दम लागला आणि हाक आलीच नाही. आम्ही खुर्ची हातात धरून उभे. तू माझ्याकडे बघून हातानं खूण केलीस: तू म्हण.

मी म्हणू शकलो नाही. तुला माहीत होतं माझं. वर्गात हजेरीला माझं नाव आलं तरी मी नुसता हात वर करतो. मी पहिल्यांदा कॉलेजला निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, "तिथं गप बसून ऐकत जा." ते चांगल्या मनानं म्हणाले होते. मी तेच करत आलो. उत्तर द्यायला मला भीती वाटत नाही, कारण उत्तरात चार आवाज असतात. हाकेत एकच असतो. त्या दिवशी इम्राननं नुसतं "एक, दोन, तीन" म्हटलं आणि आपण वर पोचलो. तू हसून म्हणालास, "पीटीचा तास झाला हा." त्यानंतरच तू ठरवलं असणार, की हाक मला द्यायला लावायची.

तुला न्यायच्या दिवशी तुमच्याकडे इतकं धुकं होतं की पुढे चालणाऱ्याची पाठ दिसत नव्हती. तुमची स्मशानभूमी ओढ्याकाठी, खाली. उताराची वाट, शेवाळलेली. मी डाव्या खांद्याला होतो, पिंट्या माझ्या पुढे. चौघांचे पाय चुकत होते. तू असतास तर पहिल्या वळणावर म्हणाला असतास की असं नाही जमायचं पावणं. गाणं माझ्या घशापर्यंत आलं, सुहास. खरंच आलं. पण त्याचं उत्तर 'वढ' होतं. आणि तिकडं तुला ओढत न्यायचं आमच्यातल्या कुणालाच नव्हतं. आम्हाला तर सगळ्यांना मागं फिरायचं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुझं गाणं फक्त वर चढायचं आहे. शीड वर, नांगर वर, कपाट वर, खुर्ची वर. खाली उतरताना काय म्हणायचं, हे तू आम्हाला शिकवलंच नव्हतंस.

गेल्या रविवारी तुझे वडील टेम्पो घेऊन आले. पुस्तकं इम्राननं खोक्यात भरली होती. एकही भिजलेलं नाही, हे आईला सांगा, असं तो तुझ्या वडिलांना दोनदा म्हणाला. कपाट रिकामं करून आम्ही जिन्याच्या तोंडाशी आणलं. वडील आणि पिंट्या खाली, मी आणि इम्रान वर. वळणावर ते परत अडकलं, तिथंच, जिथं भिंतीत खड्डा आहे. तुझ्या वडिलांचा हात त्या खड्ड्यावर टेकला होता. "हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं. मग पिंट्या खालून म्हणाला, "हाक दे की, पशा."

मी म्हणालो, "नको."

"दे की मर्दा. माझे हात सुटाय लागल्यात."

मी दिली. आवाज माझा वाटलाच नाही, फाटका निघाला. घाटावरनं दिसतंय काय? आणि त्या दोघांनी सवयीनं उत्तर दिलं, वढ गड्या, वढ, आणि सवयीनं जोरही लावला. कपाट खाली घसरलं. पिंट्याच्या छातीवर आलं. तुझ्या वडिलांनी खांदा लावला म्हणून थांबलं. आपण सगळे किती मूर्ख, सुहास. उतरणीला ओढतंय कोण? वाटलं, इथंच बसावं, जिन्यात, कपाटाला धरून, आणि तुझी वाट बघावी. तू खालच्या पायरीवर उभा असशील असं मला क्षणभर खरंच वाटलं. तिथं तुझ्या वडिलांच्या चपला होत्या.

"वढ न्हाय," मी म्हणालो. "धर म्हणा. मी म्हणतो, तुम्ही धर म्हणा. शेवटच्या शब्दाला घट्ट धरायचं, आणि माझ्या ओळीला एक पायरी सोडायची."

घाटावरनं दिसतंय काय?
धर गड्या, धर!
धुकं हाय का दर्या हाय?
धर गड्या, धर!

तुझ्या दोन ओळी संपल्या. पुढे माझ्याकडे काही नव्हतं. पायऱ्या तर उरल्या होत्या. मग जे तोंडाला आलं ते म्हणत गेलो. आईचं कपाट आईला द्या, धर गड्या, धर. कोरडी पुस्तकं मोजून घ्या, धर गड्या, धर. जुळत नव्हतं नीट. इम्रान रडत होता पण वेळ चुकवत नव्हता. आणि मग एक जाड, अनोळखी आवाज आला, त्या दोघांच्या आवाजाखालून. तुझे वडील उत्तर देत होते. त्यांनी हे गाणं कधी ऐकलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि डोळे कपाटाच्या आरशात बघत होते, ज्यात त्या वेळी फक्त जिन्याचं छत दिसत असणार.

तुझं काम मी केलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कपाट टेम्पोत ठेवल्यावर हात इतके मोकळे झाले की कुठं ठेवावे कळेना.

वडील म्हणाले, "चल. आमच्या दाराला बी चढ हाय. तिथं कोण हाय आता?" मी टेम्पोत मागं, कपाटाला टेकून बसलो. घाट लागला तसं धुकं आत यायला लागलं.

घराशी पोचलो. शेजारचे दोघं आले. आता चढ होता, म्हणजे तुझं गाणं जसंच्या तसं चाललं असतं. मी मनात ओळ धरून ठेवली होती. माझी भीती गेली होती, सुहास, हे तुला सांगायचंय. जिन्यातच गेली होती. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि दारातून तुझी आई म्हणाली, "ते नगं. गाऊ नगा."

आम्ही गप्प राहून ते चढवलं. प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळेला. चौकटीवर दोनदा आपटलं. खूप जड होतं ते, सुहास. किती जड आहे ते मला त्या दिवशी कळलं.

नंतर तिनं मला चुलीपाशी बसवलं. मी म्हणालो, "चुकलं माझं, आई." ती म्हणाली, "न्हाय बाळा. त्यो दवाखान्यातनं फोन करायचा. जेवला का म्हनून इचारलं की सांगायचा न्हाय, हाक द्यायचा नुसती. मी हिकडनं वढ म्हनायची. जोरात म्हन म्हनायचा, एवढ्यानं शीड चढत न्हाय म्हनायचा. शेजारीण म्हनली, येडी झाली बया." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आता कुनी बी ती हाक दिली की माझ्या तोंडातनं उत्तर आपोआप येनार. आनि ते त्याला न्हाय ना पोचनार. म्हनून नगं म्हनलं."

एवढं बोलून तिनं परात पुढं ओढली.

मला वाटायचं, त्या गाण्यांत जड काम हाकेचं असतं. तू हाक मला दिलीस, मी घाबरत का होईना ती घेतली. पण तुझ्या आईकडे तू उत्तर ठेवून गेलास. त्याचं तिनं काय करावं? हे कुठल्या खलाशाला माहीत असेल तर मला सांग. त्यांच्या आया बंदरावर उभ्या राहून काय म्हणत होत्या, ते त्या गाण्यांत का नाही? का आहे, आणि मला तेवढं इंग्रजी येत नाही? बर्फात गेलेल्यांची नावं जहाजावरचे म्हणायचे. घरी कोण म्हणायचं?

तू असतास तर म्हणाला असतास, इचार करून सांगतो.

सकाळी निघण्याआधी मी कड्यावर गेलो. घरामागे, तुझ्या जागेवर. रात्रभराचं धुकं दरीत उतरत होतं आणि वर एवढीशी जागा मोकळी होत होती. डोंगर दिसले, एकामागे एक, आणि सगळ्यांच्या पलीकडे, आभाळाच्या खाली, ती रेघ. पांढरी. मी बराच वेळ बघितलं. हलत नव्हती. धुकं हाय का दर्या हाय, मला ठरवता आलं नाही, आणि तुला विचारावं म्हणून माझं तोंड उघडलं.

मी ते मिटून घेतलं. मागं दार उघडं होतं, आत तुझी आई भाकरी थापत होती, आणि तिथं सगळं ऐकू जातं.